मैदानाच्या कडेला डॉक्टर नसताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गल्लत होत असेल तर तुमच्या लक्षात येईल. छोटा रग्बी क्लब, तीसएक खेळाडू, त्यातले काही 18 वर्षांखालचे. डॉक्टर नाही, फिजिओ नाही, रुग्णवाहिका बोलावली तर कधी येईल याचा भरवसा नाही. मागच्या सामन्यात रक (जमिनीवरच्या चेंडूसाठी होणारी झोंबाझोंबी) सुटल्यावर बाकीचे उठले, तुमचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेला खेळणारा) उठला नाही. ‘हातांत मुंग्या आल्यात’ म्हणाला. चौघांनी हातपाय धरून त्याला टचलाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेबाहेर नेलं, दहा मिनिटांत मुंग्या गेल्या आणि तो परत खेळायला उतरला. आता क्लबने थोडे पैसे जमवलेत आणि तुम्ही विचारताय, स्ट्रेचर घ्यावं, मानेची कॉलर घ्यावी की एईडी यंत्र (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं).

खरेदीचं मागाहून बोलू. त्या फ्लँकरला डॉक्टरांनी तपासलंय का? नसेल तर वाचणं इथेच थांबवा आणि आधी त्याला फोन करा. टक्कर झाल्यावर एकाच हातात विजेचा झटका बसल्यासारखं झालं आणि मिनिटभरात ओसरलं, तर बहुतेक वेळा मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणलेल्या असतात. रग्बीत त्याला ‘स्टिंगर’ म्हणतात आणि ते बऱ्याचदा दिसतं. पण दोन्ही हातांत, किंवा हातासोबत पायातही मुंग्या आल्या, तर मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली असावी असंच धरून चालायचं. मुंग्या गेल्या म्हणजे मान ठीक आहे, असं नाही. तुम्ही ‘हातांत’ असं अनेकवचन लिहिलंय, म्हणून मी त्या शब्दावर अडले. डॉक्टरांनी मान तपासून मोकळीक देईपर्यंत त्याने पळायच्या सरावालाही उतरू नये.

आता मूळ मुद्दा. सामान नव्हतं म्हणून चूक झाली असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी तुमच्याकडे उत्तमातलं उत्तम स्ट्रेचर असतं, तर त्याच चौघांनी त्याला त्यावर घालून तितक्याच घाईने बाहेर नेलं असतं. खेळ खोळंबलाय, समोरचा संघ कमरेवर हात ठेवून उभा आहे, रेफरी घड्याळ बघतोय आणि पडलेल्या पोरालाच लाज वाटतेय. अशा वेळी ‘सामना थांबलाय, कोणी हात लावायचा नाही’ असं म्हणण्याचा अधिकार असलेला एकही माणूस मैदानावर नव्हता. असा माणूस नेमायला पैसे लागत नाहीत. लहान क्लबांत ही उणीव मला सगळ्यात जास्त खटकते. मोठ्या क्लबांतही ती असते, फक्त तिथे ती महागड्या बॅगेमागे झाकली जाते.

तो माणूस शक्यतो कोच नसावा. कोचचा एक डोळा गुणफलकावर असतोच, आणि त्यात त्याचा दोष नाही. एखादी ताई, एखादा जुना खेळाडू, कोणाची तरी आई, कोणीही चालेल, पण दर सामन्याला नाव ठरलेलं हवं. सामना सुरू होण्याआधी या माणसाने रेफरीला आणि समोरच्या कोचला भेटून सांगायचं, ‘आज दुखापतींचं मी बघतेय. मी दोन्ही हात वर केले की खेळ थांबवा.’ मला आजवर एकाही रेफरीने नाही म्हटलेलं नाही. उलट बहुतेकांना हायसं वाटतं. नियमही तुमच्या बाजूने आहेत. खेळाडूने पुढे खेळू नये इतकं त्याला लागलंय असं रेफरीला वाटलं, तर डॉक्टरांचा सल्ला नसतानाही तो त्याला बाहेर पाठवू शकतो.

यापुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करते. रुग्णवाहिका वीस मिनिटांत येत असेल तर माझं उत्तर एक, दोन तासांत येत असेल तर दुसरं, येणारच नसेल तर तिसरं. मैदानावर मोबाइलला रेंज आहे का, मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल असं रुग्णालय किती लांब आहे, तुमच्यात प्रशिक्षण घेतलेले किती जण आहेत, यावरही फरक पडतो. मी फिजिओ आहे, गेली सतरा वर्षं टचलाइनवर उभी राहते, आणि त्यातली निम्मी वर्षं तुमच्यासारख्याच क्लबांबरोबर गेली. तरी तुमचं मैदान मी पाहिलेलं नाही. शिवाय हे वाचून हाताला सवय लागत नाही, ती सरावानेच लागते.

मानेपासून सुरुवात करते, कारण तिथे चुकलं तर ते आयुष्यभर निस्तरत बसावं लागतं.

खेळाडू पडून राहिलाय आणि तो कसा पडला ते तुम्ही पाहिलं नाही, किंवा डोक्यावर पडताना पाहिलंय, किंवा स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत गुंतून ढकलतात तो) कोसळलाय, तर मानेला इजा आहे असं समजूनच पुढे जा. त्याच्यासमोर, त्याला दिसेल अशा बाजूने जा. मागून हाक मारलीत तर तो मान वळवून बघेल. पहिलं वाक्य ‘हलू नकोस, मान हलवू नकोस, मी आलेय’ इतकंच. मग एकाने त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसून किंवा पोटावर झोपून, कोपरं जमिनीला टेकवून, दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्ही बाजूंनी धरायचं. कानांवर हात दाबायचे नाहीत, त्याला ऐकू यायला हवं. ओढायचं नाही, दाबायचं नाही. डोकं ज्या स्थितीत आहे तिथेच स्थिर ठेवायचं, मान वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत किंवा अडत असेल तर वाकडीच राहू द्यायची. कोपरं टेकवणं महत्त्वाचं आहे. अधांतरी धरलेले हात पाच मिनिटांत थरथरायला लागतात, आणि तुम्हाला कदाचित तासभर बसावं लागेल.

दुसऱ्याने विचारायचं: मान दुखतेय का? हातपाय बधिर वाटतायत का? मुंग्या, जळजळ, जडपणा? बोटं हलव, पायाचा अंगठा हलव. यातल्या एकाही गोष्टीत खोट निघाली, किंवा तो नीट उत्तरच देत नसला, की उचलाउचल बंद. सामना तिथेच थांबला. दुसऱ्या अर्ध्या मैदानावर खेळू असं कोणी सुचवेल, त्याच्याशी वाद घालत बसू नका.

हलवायचंच नाही का? दोन प्रसंगांत हलवावं लागतं. एक, श्वास बंद आहे, किंवा उलटी-रक्ताने तोंड भरतंय. मान महत्त्वाची खरी, पण श्वास तिच्याही आधी. जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा, जमलं नाही तर डोकं, खांदे, कंबर एका ओंडक्यासारखे एकत्र ठेवून कुशीवर वळवायचं. दुसरा प्रसंग, तिथे थांबण्यातच धोका आहे, म्हणजे विजा कडाडतायत असं काही. ओंडक्यासारखं वळवायला चार-पाच जण लागतात आणि हुकूम फक्त डोकं धरणाऱ्याने द्यायचा: ‘तीन म्हटल्यावर वळवायचं.’ बाकी सगळे गप्प. हे मी शेकडो वेळा शिकवलंय आणि पहिल्या खेपेला प्रत्येक गट चुकतो. कोणीतरी दोनलाच वळवतो.

रुग्णवाहिका येणारच नसेल, तर घाई न करता फळी मिळवा. बिजागऱ्यांवरून काढलेलं सपाट दार, जाड प्लायवूड, लाकडी बाक, पूर्ण लांबीचं आणि न वाकणारं काहीही चालेल. सहा-सात माणसं जमवा, वळवून खाली फळी सरकवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या जर्सी ठेवा आणि आधी धड, मग डोकं बांधा. तरीही एकाने डोकं धरूनच राहायचं, गाडीतसुद्धा. कारच्या मागच्या सीटवर बसवून नेणं हा सगळ्यात वाईट पर्याय, सपाट पाठीचा टेम्पो त्याहून कितीतरी बरा. निघण्याआधी फोनवर डॉक्टरांशी बोलता आलं तर जरूर बोला.

आणि नेणार कुठे, हे आधीच ठरलेलं हवं. दक्षिण आफ्रिकेत रग्बी खेळताना मानेचा मणका निखळलेल्या 57 खेळाडूंचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले 32 जण निखळलेला मणका जागेवर बसवण्याच्या वेळी पूर्ण लुळे होते. ज्या 8 जणांचा मणका दुखापतीनंतर चार तासांच्या आत रुग्णालयात जागेवर बसवला गेला, त्यांपैकी 5 जण पूर्ण बरे झाले. चार तासांनंतर बसवलेल्या 24 जणांपैकी पूर्ण बरा एकही झाला नाही. संख्या लहान आहे, मान्य. पण मला त्यातून जे दिसतं ते असं, की पूर्ण लुळा पडलेला मुलगाही वेळेत योग्य ठिकाणी पोहोचला तर चालू शकतो. हे चार तास लहान क्लबांचे कशात जातात? जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे पाठवलं, तिथे सोय नव्हती, तिथून आणखी पुढे. म्हणून आज, शांतपणे, दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा: मानेच्या मणक्याची इजा तुम्ही थेट घेता का, नाही तर कुठे पाठवता? उत्तर कागदावर लिहा. तुमच्या जमवलेल्या पैशांतली एक दमडीही यात जाणार नाही. (मणका जागेवर बसवणं हे फक्त रुग्णालयातलं काम. मैदानावर मान ‘सरळ करून देणारा’ कोणी पुढे आला तर त्याला हाताला धरून लांब न्या.)

कॉलरचं इथेच संपवते: घेऊ नका. चुकीच्या मापाची कॉलर, सराव नसलेल्या हातांनी, घाबरलेल्या माणसाच्या गळ्यात घालताना मान जास्तच हलते. प्रथमोपचार करणाऱ्यांनी ती घालू नये असाच आता कल आहे. दोन तळवे आणि टेकवलेली कोपरं तिच्यापेक्षा चांगली.

दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण तिथे हिशोब मिनिटांचा असतो. कोणाचाही धक्का नसताना खेळाडू पळता पळता कोसळला, किंवा छातीवर मार बसून लगेच कोसळला, आणि हाकेला ओ देत नाही. हृदय थांबलंय असं धरा. लोक दोन गोष्टींनी फसतात. अंगाला झटके येतात, म्हणून फिट आली म्हणतात. किंवा तो मधूनच घशातून घरघरत आचके देतो, म्हणून श्वास चालू आहे म्हणतात. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. अशा वेळी कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी घालणं यात जी दोन मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं) मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. 30 वेळा दाबून 2 श्वास. श्वास द्यायला शिकलेले नसाल तर नुसतं दाबत राहा, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी पटीने चांगलं. लहान मुलांना मात्र श्वासाची गरज जास्त असते, म्हणून कनिष्ठ गटाबरोबर असणाऱ्याने तेही शिकून घ्यावं. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. दमलेला माणूस आपण दमलोय हे कबूल करत नाही आणि छाती अर्धीच दाबली जाते. एईडी असेल तर ते येताच लावा, तोवर थांबू नका. रग्बीत छातीवर घाम आणि चिखल असतो, पॅड चिकटवण्याआधी टॉवेलने खसाखस पुसा.

आता डोकं. तुमचा सगळ्यात जास्त संबंध याच्याशी येईल.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्या सेंटरच्या (मधल्या फळीतल्या खेळाडूच्या) डोक्याला समोरच्याचा गुडघा लागला. मी पळत गेले, विचारलं, ‘बरा आहेस का?’ ‘हो ताई.’ चेहरा ठीक, चालणं ठीक. सोडला. त्याने पुढे एक ट्रायसुद्धा (रेघेपलीकडे चेंडू टेकवून गुण) केली. सामना संपून सगळे बूट काढत होते तेव्हा मला म्हणाला, ‘दुसऱ्या हाफला कधी उतरायचं?’ रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात ठेवावं लागलं. तो बरा झाला, पण त्या मोसमात परत खेळला नाही, आणि मी ‘बरा आहेस का’ हा प्रश्न कायमचा सोडला. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं.

त्याऐवजी मी विचारते: आपण आज कोणत्या मैदानावर आहोत? आता कोणता हाफ चालू आहे? या सामन्यात शेवटचे गुण कोणी केले? मागचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? एकही उत्तर चुकलं, किंवा आठवायला वेळ लागला, की बाहेर. पण हे उलट्या बाजूने वापरू नका. पाचही उत्तरं बरोबर आली म्हणून कन्कशन (डोक्याच्या माराने मेंदूला बसलेला धक्का) नाही असं ठरत नाही. तो क्षणभर निपचित पडला होता, उठताना पाय लटपटले, नजर शून्यात गेली, डोकं गच्च वाटतंय म्हणतो, एरवी शांत असलेला मुलगा विनाकारण चिडतोय, यातलं काहीही एक पुरे. बेशुद्ध व्हायलाच हवं असं मुळीच नाही. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही.

सामुदायिक पातळीवर, म्हणजे आपल्यासारख्या हौशी क्लबांसाठी, वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा नियम शंकेवर चालतो: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. टीव्हीवर खेळाडू आत जाऊन तपासणी करून पुन्हा मैदानावर येतात ते पाहून तुमची मुलं वाद घालतील. ती तपासणी प्रशिक्षित डॉक्टर, व्हिडिओ आणि त्या खेळाडूची आधीची नोंद असलेल्या वरच्या पातळीसाठी आहे. आपल्याला ती मुभा नाही, आणि मला विचाराल तर नाही तेच बरं. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये 14 वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला, पुन्हा मार बसला, आणि गेला. पहिल्या माराने सैरभैर झालेल्या मेंदूला दुसरा मार सोसत नाही, आणि कोवळ्या वयात तर मुळीच नाही.

बाहेर काढल्यावर त्याला एकटं सोडायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, आणि घरच्यांना तोंडी नव्हे, कागदावर लिहून द्यायचं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झोपेतून नीट जाग न येणं, झटके, दोन-दोन दिसणं, मान दुखणं, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, वाढती बेचैनी किंवा आक्रमकपणा, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. परत कधी खेळायचं याची मुदत देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनने 2023 मध्ये सामुदायिक खेळांसाठी आखलेला मार्ग मला व्यवहाराला सोपा वाटतो: पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मग हळूहळू हालचाल वाढवत जायचं, 14 दिवस लक्षणं नसतील तरच टकरीचा सराव, आणि 21 दिवसांच्या आत सामना नाही. 21 हा किमान आकडा आहे. बाविसाव्या दिवशी हक्काने उतरायचं असा त्याचा अर्थ नाही.

एवढ्यापर्यंतचं गाठीला बांधायचं तर असं: पडून राहिलेल्याची मान धरा आणि कोणाला उचलू देऊ नका, धक्क्याविना कोसळलेल्याची छाती दाबा, डोक्याची शंका आलेल्याला बाहेर बसवा. बाकीच्या दुखापतींना सहसा थोडा वेळ मिळतो.

उन्हाच्या झटक्याला मात्र तो मिळत नाही. तापलेल्या दिवशी खेळाडू असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, अंग भाजतंय, तर घाम येतोय की नाही याचा विचार करत बसू नका. आधी गार करा, मग न्या. पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टाकी नसेल तर अंगावर सतत पाणी ओतत जोरात वारा घाला. रुग्णालयाच्या वाटेवर उकडत राहिलेला मेंदू तिथे पोहोचल्यावर सावरेलच असं नाही.

बाकीचं भराभर. खांदा निखळला तर ओढून बसवायचा नाही, झोळीत आधार द्यायचा आणि मनगटाची नाडी लागतेय ना ते पाहायचं. रक्त वाहत असेल तर हातमोजे घालून, स्वच्छ कापड ठेवून, दहा मिनिटं न उचलता दाबायचं. दर मिनिटाला उघडून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा, शुद्धीत असेल तर परत खाचेत बसवून रुमालावर दात आवळायला सांगा, नाही तर दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्य गाठा. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर मार बसलेला मुलगा तासाभराने पांढराफटक पडला, भोवळ आली, तर प्लीहा फाटलेली असू शकते. ‘बरगडी दुखतेय’ एवढ्यावर त्याला घरी पाठवू नका.

आता तुमचे पैसे. पहिला खर्च माणसांवर करा. किमान तीन जणांना प्रथमोपचार आणि सीपीआरचं हाताने करून घेतलेलं प्रशिक्षण द्या. तीन अशासाठी की एक जण नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. वर्ल्ड रग्बीचे कन्कशनबद्दलचे आणि ‘रग्बी रेडी’सारखे ऑनलाइन धडे फुकट आहेत, ते सगळ्या कोचनी करावेत. वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांसाठी ‘फर्स्ट एड इन रग्बी’चा पहिल्या पातळीचा एक दिवसाचा वर्ग असतो, तुमच्या संघटनेकडे त्याची मागणी लावून धरा.

मग बॅग. हातमोजे भरपूर, गॉज आणि जाड पट्ट्या, त्रिकोणी कापडं, क्रेप बँडेज, बोथट टोकाची दणकट कात्री (जर्सी कापायला), सीपीआरचा मास्क, स्वच्छ पाण्याच्या बाटल्या, बर्फाचा डबा, चादर, वही-पेन, चार्ज केलेला फोन. त्या गार फवाऱ्याची एक बाटली तुमच्याकडे आहे असं लिहिलंय. तिचा मला मनापासून राग आहे. ती काही बरं करत नाही, दुखणं दोन मिनिटं झाकते आणि पोर पुन्हा त्याच पायावर पळतं.

एईडी तिसऱ्या क्रमांकावर. यंत्र खरोखर जीव वाचवतं, पण कपाटात कुलूपबंद असलेलं किंवा बॅटरी उतरलेलं एईडी नसल्यातच जमा. एकट्याने घेणं झेपत नसेल तर त्याच मैदानावर खेळणाऱ्या इतर खेळांच्या मंडळींना बरोबर घ्या. शेजारच्या कोणत्या इमारतीत आधीच एक आहे का, तेही विचारा. आम्ही दोन वर्षं पैसे जमवत होतो आणि यंत्र रस्त्यापलीकडच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेलं होतं. स्ट्रेचर शेवटी. ते हाताशी असलं की वापरायचा मोह होतो.

दुखापत टाळायची एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती वरच्या सगळ्यापेक्षा स्वस्त आहे. न्यूझीलंडने 2001 पासून सगळ्या कोच आणि रेफरींना दरवर्षी सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, त्याला ‘रग्बीस्मार्ट’ म्हणतात. आधीच्या वर्षांच्या प्रमाणाने 2001 ते 2005 मध्ये मणक्याच्या, कायमचं अपंगत्व आणणाऱ्या सुमारे 19 दुखापती अपेक्षित होत्या, झाल्या 8. स्क्रममध्ये 9 अपेक्षित होत्या, झाली 1. दक्षिण आफ्रिकेने 2009 मध्ये ‘बोकस्मार्ट’ याच वाटेने सुरू केलं. म्हणजे ज्या स्क्रमची आपल्याला सगळ्यात धास्ती, तिथेच शिकवण्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

तुमच्यासारख्या क्लबात धोका असा येतो: हुकर (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला खेळाडू) आलेला नाही, म्हणून अंगाने जाड असलेल्या कोणाला तरी फ्रंट रोमध्ये, म्हणजे त्या पहिल्या रांगेत उभं करतात. हे कधीही करू नका. तयार फ्रंट रो नसेल तर रेफरीला सांगून ढकलाढकलीशिवायचा स्क्रम मागा, नियमातच तशी सोय आहे. टॅकलचंही (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्याचं) तेच. सामन्यातल्या जवळपास निम्म्या दुखापती टॅकलमध्ये होतात, आणि चुकीच्या बाजूला डोकं घालून टॅकल करणाऱ्यालाच पुष्कळदा लागतं. डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला, नजर वर, कंबर खाली, हे दर सरावात दहा मिनिटं. दमलेल्या पोरांकडून सरावाच्या शेवटी टॅकल करवून घेऊ नका, दम असताना आधीच उरका.

शेवटी, येत्या आठवड्यातच एक रंगीत तालीम करा. सरावाच्या मध्येच, कोणाला न सांगता, एकाला मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात झोपवा आणि ‘मान दुखतेय, पाय जड झालेत’ असं म्हणायला लावा. घड्याळ लावा. डोकं कोण धरतं, फोन कोण करतं, मैदानाचा पत्ता फोनवर कोणाला धड सांगता येतो, गाडी आत यायला फाटक कोण उघडतं, हे बघा. आमच्या पहिल्या तालमीत फाटकाची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला, अशी गत होती. तेव्हापासून एक किल्ली बॅगेत असते आणि पत्ता बॅगेच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो.

फ्लँकरच्या मानेचं डॉक्टर काय म्हणाले ते जरूर कळवा. आणि तालमीच्या दिवशी तो नुसता बघायला आला, तर त्याला झोपवू नका, वळवायलाही घेऊ नका. हातात घड्याळ द्या.